निवटी, पाकोळी आणि मडकं

नाताळच्या तोंडावर माझा आवाज बसला. दरवर्षी थोडा बसतोच. दिवसभर वर्गात शिकवायचं आणि संध्याकाळी पापडीच्या चर्चमध्ये गायनमंडळाच्या तालमीला उभं राहायचं, म्हणजे घसा कुरकुर करणारच. पण या वेळी मीठपाण्याच्या गुळण्या आणि ज्येष्ठमध काहीच लागू पडलं नाही. सकाळी हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. कानाघशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आहेत, पूर्ण विश्रांती हवी. मी कुजबुजत काही विचारायला गेले तर त्यांनी हातानेच थांबवलं. कुजबुजणंसुद्धा बंद. त्याने घशाला उलट जास्त ताण पडतो म्हणे.

शाळेतून रजा मिळाली. नवरा सकाळी ऑफिसला जायचा, मुलगी पुण्याला शिकायला. घरात मी आणि माझं गप्प बसणं. पहिले काही दिवस बरे वाटले. मग लक्षात आलं, बोलता येत नसलं की माणसं आपल्याशीही कमी बोलतात. शेजारीण कुंपणापाशी यायची, दोन वाक्यं बोलायची, माझ्याकडून उत्तर येणार नाही हे आठवलं की ओशाळून निघून जायची.

अशा वेळी माझी भावजय आली. धाकट्या भावाची बायको. बोळिंजला राहतात दोघं, एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये. ती एका कंपनीसाठी घरूनच सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. तोवर आमचं नातं सणासुदीपुरतं होतं. ती मला 'ताई, तुम्ही' म्हणणार, मी तिला जेवून जा म्हणणार, तेवढंच. त्या दिवशी ती येऊन समोर बसली आणि माझा फोन मागून घेतला.

"ताई, यात बोलावं लागत नाही," ती म्हणाली, आणि एक गेम टाकून दिला.

राक्षसांच्या लढाईचा गेम. राक्षस म्हणजे शिंगं-दात असलेलेच असं नाही; शेकडो चित्रविचित्र प्राणी, कुणी आगीचा, कुणी पाण्याचा, कुणी दगडाचा. आपण आपली टीम बनवायची, समोरच्याने त्याची. लढतीत दोन्हीकडून तिघं-तिघं, आणि मैदानात एका वेळी एकेकच. दोघांनी आपापली चाल ठरवायची. ज्याचा प्राणी चपळ त्याची चाल आधी होते. वाटलं तर मार न देता आपला प्राणी मागे घेऊन दुसरा पुढे करता येतो. तिघं गारद झाले की हरलो. नियम एवढेच, पण भावजय दर शनिवारी याच्या स्पर्धा खेळायची, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. भावालाही नीट माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, कामाचंच काहीतरी चालू असतं.

तिने मला एक यादी दाखवली. कुठले प्राणी उत्तम, कुठले बरे, कुठले टाकाऊ, असे टप्पे पाडलेले. त्याला ही मंडळी टियर म्हणतात. सगळ्यात वर पंख असलेला एक अजगर होता. पहिल्या फटक्यात समोरच्याला आडवा करायचा. मी वरचे तीन घेतले आणि खेळायला बसले. हरले. पुन्हा तेच घेतले, पुन्हा हरले. कारण साधं होतं. समोरच्याकडेही तेच तिघं होते आणि त्याला ते माझ्यापेक्षा चांगले वापरता येत होते.

हरण्याचं फारसं वाईट वाटलं नाही, कंटाळा मात्र आला. रोज तीच तीन तोंडं. मग एका दुपारी मी यादी खालच्या टोकाकडून वाचायला घेतली. तिथे जे प्राणी होते ते मी कुणाच्याच टीममध्ये पाहिले नव्हते. एक अगदी आपल्या खाडीतल्या निवटीसारखा. ओहोटीला चिखलात टुणटुण उड्या मारणारी, डोक्यावर डोळे आलेली ती मासळी असते ना, तसाच. गेममधलं त्याचं नाव परदेशी आणि लांबलचक होतं, म्हणून मी निवटीच म्हणायला लागले. तिच्याबद्दल लिहिलं होतं की मार खाऊनही ती जिवंत राहिली, तर तिचा चिखल समोरच्या पूर्ण टीमच्या अंगाला चिकटतो आणि लढत संपेपर्यंत ते तिघंही मंद होतात.

मी दोनदा वाचलं. एवढी जबरदस्त गोष्ट, आणि ही तळाशी का?

भावजयीला टाइप करून विचारलं. तिचं उत्तर आलं की निवटीच्या अंगात जीवच नाही, एका फटक्यात जाते. जिवंत राहायचा प्रश्नच येत नाही. आणि यादी कशी बनते तेही तिने सांगितलं: प्राणी किती चांगला हे कुणी मोजत नाही, तो किती लोक वापरतात ते मोजतात.

म्हणजे निवटी खाली आहे कारण तिला कुणी वापरत नाही, आणि कुणी वापरत नाही कारण ती खाली आहे. मग ती खरोखर कशी आहे हे नेमकं कुणाला माहीत आहे?

भावाला हे कळलं तेव्हा तो हसला. म्हणाला, बाईंना मागच्या बाकावरच्या मुलांचा कळवळा आला. कळवळा वगैरे काही नव्हता. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी मागच्या बाकावरच्या मुलांना पुरेशी ओरडलेली आहे. मला फक्त जाणून घ्यायचं होतं. बंद कपाट दिसलं की त्यात काय आहे ते बघावंसं वाटतं, तसं.

पुढचे काही आठवडे मी निवटी घेऊन खेळले आणि सपाटून मार खाल्ला. जोडीला तळातलेच आणखी दोघं घेतले होते. एक पाकोळी, दिव्याभोवतीच्या पतंगासारखी, राखाडी रंगाची, दिसायला मरतुकडी. दुसरा म्हणजे हातपाय फुटलेलं मातीचं मडकं. मडक्याचा फटका जबर होता, पण ते यादीतल्या सगळ्यांहून मंद. त्याची पाळी येईपर्यंत ते फुटलेलं असायचं. समोरचे चिखलात रुतले तर मडक्याची पाळी आधी येईल, एवढं मला दिसत होतं. अडत होतं ते एकाच ठिकाणी. निवटीने पहिला फटका सोसायचा कसा?

ते कळलं ते चुकून. भाजी चिरता चिरता खेळत होते, ओलं बोट भलतीकडे लागलं आणि मैदानातली पाकोळी मागे येऊन तिच्या जागी निवटी गेली. समोर तोच पंखवाला अजगर. त्याने फटका मारला. मी फोन खाली ठेवणारच होते, तर निवटी जिवंत. जेमतेम, पण जिवंत. आणि समोर अजगराच्या अंगाला चिखल.

मला ओरडायचं होतं. ओरडता येईना. मी चमचा घेऊन ताटावर बडवत सुटले. नवरा आंघोळीहून तसाच धावत आला, त्याला वाटलं मला काही झालं. मी त्याला फोन दाखवला. त्याने चिखल पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि टॉवेल सावरत परत गेला.

मग पाकोळीची माहिती नीट वाचली. मागे जाताना तिच्या पंखांची भुकटी मैदानात पडून राहते, असं एक वाक्य तिथे होतं. मला वाटलं होतं, वर्णन आहे. सगळ्यांनाच तसं वाटलं असणार. प्रत्यक्षात तिच्या जागी जो येईल त्याच्यावरचा पहिला फटका त्या भुकटीने अर्धा होत होता. पाकोळीने भुकटी टाकायची, निवटीने मार खायचा, मडक्याने फोडायचं. तळातले तिघं एकमेकांना धरून उभे राहत होते.

त्यानंतर दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की मी बोळिंजला जाऊ लागले. आम्ही दोघी बाल्कनीत बसून खेळायचो. ती तिची भारी टीम घेऊन माझ्यावर तुटून पडायची आणि कुठे चुकते ते सांगायची. पाकोळी फार वेळ बाहेर ठेवता, ती म्हणायची. मडकं घाईने काढता. मी फोनवर टाइप करून वाद घालायचे. बोलता आलं असतं तर मी तिचं अर्धंही ऐकून घेतलं नसतं. शिक्षकांना ती खोड असते. आता ऐकण्यावाचून इलाज नव्हता, आणि ऐकताना कळलं की ही मुलगी किती बारकाईने विचार करते. चहा भाऊ करायचा. त्याला आमच्यात जागा राहिली नव्हती.

फेब्रुवारीत विरारला एका सोसायटीच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. तिने स्वतःसोबत माझंही नाव दिलं. हॉलभर कॉलेजची पोरं-पोरी, आणि मी साडी नेसून, पाण्याची बाटली धरून. दाराशी एकाने मला नम्रपणे सांगितलं की पालकांची बसायची सोय मागे आहे. भावजयीने त्याला माझं नाव दाखवलं.

डॉक्टरांनी तोवर थोडंसं बोलायला परवानगी दिली होती, पण मी ते शब्द राखून ठेवले होते. पहिल्या दोन लढती मी जिंकले. दोन्ही वेळा समोरच्यांना निवटी काय करते हेच माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते आधी दिसायचं; खेळता खेळता ते थांबायचे आणि स्क्रीनवर वाकून वाचायला लागायचे.

तिसऱ्या लढतीत माझ्यासमोर आले ते तिशी ओलांडलेले गृहस्थ होते. औषधांचं दुकान चालवायचे. या भागातले सगळ्यात तरबेज खेळाडू तेच, असं भावजयीने आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी अजगर काढला. मी पाकोळी मागे घेतली आणि निवटी सोडली. त्यांनी मारलं. निवटी वाचली, चिखल लागला, मडकं बाहेर आलं आणि त्यांचे तिघं एकामागून एक पडले. ते रागावले नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "तो मासा मला पुन्हा दाखवता का?" मी निवटीची माहिती उघडून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी ती माझ्यासारखीच दोनदा वाचली.

उपांत्य फेरीत मी आणि भावजय समोरासमोर आलो.

आम्ही दोघीही हसलो, मग आपापल्या फोनवर वाकलो. पाकोळी मागे घेऊन मी निवटी पुढे केली आणि वाट पाहिली. तिने मारलं नाही. तिच्या दगडी बैलाने जागेवर उभं राहून बळ वाढवलं. पुढच्या चालीलाही तेच. निवटीचे स्वतःचे फटके इतके हलके की बैलाला ओरखडाही येत नव्हता. माझा सगळा डाव समोरच्याने मारण्यावर उभा होता, आणि तिने मारायचंच नाही असं ठरवलं होतं. शेवटी मी कंटाळून मडकं काढलं. चिखल नसल्यामुळे बैलाची चाल आधी झाली. मडकं फुटलं. मग पाकोळी, मग निवटी. फुगलेल्या बैलाच्या त्या शेवटच्या फटक्यात तीही गेली आणि मी हरले.

परतताना रिक्षात मी राखून ठेवलेले शब्द वापरले. आवाज घोगरा आला, मलाच परका वाटला.

"तुला हे आधीपासून माहीत होतं?"

"तुम्हाला हरवायचं कसं ते महिनाभर शोधत होते, ताई," ती म्हणाली. "रविवारी मुद्दाम मारत होते. नाहीतर तुम्ही त्यावरही काहीतरी काढलं असतंत."

मला हसू आलं, आणि घसा जपायचा म्हणून मी ते तोंडावर पदर धरून दाबलं. कुणी आपल्याला हरवायला महिनाभर विचार करतं, याचा इतका आनंद होईल असं मला वाटलं नव्हतं. ती स्वतः अंतिम फेरीत हरली होती आणि त्याबद्दल सगळ्या रस्ताभर पुटपुटत होती.

रजा संपून माझी शाळा सुरू झाली. आवाज परत आला, पण वरच्या पट्टीत जात नाही. गायनमंडळात मी आता खालच्या सुरांत उभी राहते. औषधांच्या दुकानदारांनी पुढच्याच स्पर्धेत निवटी आणली, त्यांचं पाहून पोरांनी आणली, आणि उन्हाळा संपता संपता निवटी यादीत दोन टप्पे वर चढली. आता तिला पाहिलं की कुणी मारत नाही. सगळे भावजयीसारखे थांबून राहतात. वर चढलेली निवटी माझ्या हातात पूर्वीइतकी चालत नाही. यादी बरोबर होती की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवारी बोळिंजला जाणं मात्र चालू आहे. सध्या आम्ही तळातल्या एका काजव्यावर आहोत. तो दर तिसऱ्या चालीला विझतो आणि विझलेला असताना त्याला कुणाचाच फटका लागत नाही, पण त्याला स्वतःलाही काही करता येत नाही. असा प्राणी कुणी का बनवला असेल? भावजयीचं म्हणणं, बनवणाऱ्यांची चूक आहे. मला तसं वाटत नाही. गेल्या रविवारी आम्ही त्याला घेऊन एकूण एक लढत हरलो. भावाने दुसऱ्यांदा चहा आणला तेव्हा पहिला तसाच गार होऊन पडला होता, आणि आमचा वाद चालला होता की विझायच्या आधी त्याला मागे घ्यावं की नंतर.