दुसऱ्या तळ्यापर्यंत

वहिनी, अक्षर वाकडं आलंय आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. चौथीनंतर दळणाच्या डब्यावर नाव घालण्यापलीकडे मी फारसं लिहिलेलं नाही. पण फोनवर तुमचा आवाज आला की मी नुसती हूं हूं करते. म्हणून हे कागदावर.

जुन्नरहून निघाले तो दिवस आठवतो. गाडी दारात उभी होती आणि आई मसाल्याच्या डब्याला प्लॅस्टिकचा कागद बांधत बसली होती. माझ्याकडे बघतच नव्हती.

"तिथं डोंगर आहेत का रे?" तिनं माझ्या अमोलला विचारलं.

"नाही आजी, सगळं सपाट."

"मग माणसाला दिशा कशी कळते?"

तुम्ही हसलात, दादा हसला. आई नाही हसली.

हॉलंडमधलं हे फेल्डहोवन खरंच सपाट आहे. घरं सारखी, सायकलींचे रस्ते सारखे. सुरुवातीला ईराला शाळेतून आणताना मी एकदा भलत्याच दाराला किल्ली लावत होते. नात मला ओढून म्हणाली, "आजी, राँग हाउस!" लेक-सून, अमोल आणि स्नेहा, ऑफिसला गेले की दिवसभर मी आणि भिंती. तिकडे तुम्ही आईचं सगळं करायचं, पथ्य, औषधं, रात्रीची उठबस. आणि मी इथे हीटरपाशी बसून वाटाणे सोलते, याची लाज वाटायची. तरी बोलले कधी नाही.

नाताळच्या सुट्टीत अमोल आम्हाला गाडीनं ऑस्ट्रियातल्या डोंगरात घेऊन गेला. तिथल्या नॅशनल पार्कात वर दोन तळी आहेत, बर्फातून चालत जायचं. सकाळी नाष्ट्याला बसलो तेव्हा अमोलला दादाचा फोन आला. तो बाहेर जाऊन बोलला. आत आला आणि म्हणाला, "चला, उशीर होतोय." माझी पिशवीही त्यानंच खांद्याला लावली.

वाटेत तो सारखा फोन बघत होता. मी म्हटलं, "इथंही ऑफिस डोक्यावर घेऊन आलास का?" त्यानं फोन खिशात टाकला.

वहिनी, मला किती बरं वाटत होतं ते कसं सांगू! पाय घोट्यापर्यंत रुतत होते. झाडांवरून बर्फ पडला की चाळणीतल्या पिठासारखा भुरभुर उडायचा. मी दोनदा आपटले आणि दोन्ही वेळा हसले, स्नेहाला धरून, तोंड उघडं टाकून. बाहेरच्या माणसांत मी अशी कधी हसले नव्हते. पहिलं तळं गोठलेलं होतं. तिथं रेंज आली तशी मी माझा फोटो तुम्हाला पाठवला आणि सोबत बोलून पाठवलं, "आईला दाखवा, म्हणावं, डोंगर सापडले."

तुमचं उत्तर आलं, "छान. जपून चाला वन्सं."

दुसरं तळं आणखी वर. त्याच्या मध्यावर पाणी अजून मोकळं होतं, काळंभोर, आणि त्यात आख्खा डोंगर उलटा उभा होता. मी तिथं थर्मासमधला चहा प्यायले.

खाली गाडीपाशी आल्यावर अमोल माझ्या बुटांच्या नाड्या सोडायला गुडघ्यावर बसला. वर न बघता म्हणाला, "आई, आजी गेली. सकाळीच. मामी म्हणाल्या, फिरून येईपर्यंत सांगू नका."

मी तुम्हाला फोटो पाठवला तेव्हा तुम्ही स्मशानातून आलेल्यांच्या अंघोळीचं पाणी तापवत होतात. हे मला नंतर दादानं सांगितलं.

लग्न झालेल्या लेकीला आईचं तीन दिवसांचं सुतक, तुम्हाला दहा. त्या तिनातला माझा एक बर्फात गेला, दुसरा परतीच्या गाडीत. तिसऱ्या दिवशी घरी डोक्यावरून पाणी घेतलं, देवाला दिवा लावला नाही. ईरा विचारत राहिली, "आजी, नो दिवा? व्हाय?" मला तिला नीट सांगता आलं नाही.

अमोल म्हणतो, कळलं असतं तरी आपण वेळेवर पोचलो नसतो. खरं आहे. पण मला खाणारी गोष्ट वेगळी आहे. ते दुसरं तळं मी पाहिलं याचं मला वाईट वाटत नाही. वाटायला हवं, म्हणून मी रोज मनात शोधते. सापडत नाही. आई गेलेल्या दिवशी मी आयुष्यात सगळ्यात सुखी होते, हे मी तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

तुम्ही मायेनं लपवलंत, कळतं मला. आपल्याकडे पाहुणा आला की त्याचं जेवण होईपर्यंत वाईट बातमी सांगत नाहीत, तसं केलंत. बाकी घरातल्यांना मात्र आपण झोपेतून हलवून सांगतो. इथं माझ्या खिशात किल्ली आहे, हीटर आहे, नात आहे. हेही घरच म्हणायचं. पण वहिनी, तिथं मला पाहुणी करू नका. पुढं काही झालं, दादाला किंवा तुम्हाला, तर मी कुठंही असेन, हसत असेन, जेवत असेन, मला तेव्हाच हाक मारा. माझं ताट अर्धं राहिलं तरी चालेल.