दार धरणारी मुलगी

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी तिकडे गेलेलंच नाही. निदान बोलण्यावरून तरी तसंच वाटावं! वडील ‘जरा बाहेरचं बघून येतो’ म्हणत, आई ‘हातपाय धुऊन येते’ म्हणे आणि काका ‘फोन करून येतो’ म्हणत. (मोबाइल समोर चार्जिंगला लावलेला असला तरी!) पाहुण्यांसमोर तर तेवढंही नाही.

अशी आम्ही चार माणसं नांदेडहून जळकोटला माझ्यासाठी मुलगी बघायला निघालो. लोह्यात चहा, अहमदपुरात चहा. गाडी मुलीच्या मामांनी पाठवलेली, ड्रायव्हर त्यांच्याकडचा. त्याला ‘बाजूला घे’ म्हणायची कुणाची छाती होईना.

पोचलो तर पाणी, सरबत, पोहे, परत चहा! माझा जीव मेटाकुटीला आला.

“जरा पाय मोकळे करून येतो,” मी उठलो.

“चला की, मी बी येतो!” मुलीचे वडील चपला घालून तयार! त्यांनी मला पार मारुतीच्या देवळापर्यंत चालवलं आणि येताना उसाचा रस पाजला. दोन गिलास!

परतलो तर मुलीची मावशी म्हणाली, “पोरापोरीला दोन मिन्टं बोलू द्या.” आम्हाला मागच्या खोलीत बसवलं.

“काही विचारायचंय का?” सवितानं विचारलं.

विचारायचं एकच होतं! पण कपाळावर घाम, पायावर पाय, तोंडातून शब्द फुटेना. तिनं मला नीट बघितलं.

“संडासला लागली का? जिन्याखाली हाय. कडी तुटलीय, दार मी धरते. जावा लौकर!”

मी पळालो. आत असतानाच मावशीचा आवाज आला, “अगं, पोरगं कुठाय?”

“संडासात हायत! मी दार धरलंय!”

हे पार बैठकीपर्यंत ऐकू गेलं. झालं, मोडलं लग्न! आमचे वडील नुसत्या त्या शब्दावर ताटावरून उठणारे. आणि मला तर एव्हाना हीच बायको पाहिजे होती. भीतभीत बाहेर आलो, तर दारासमोर वडील उभे. त्यांच्यामागं काका. काकांच्या मागं आई!

“पोरी,” वडील कासावीस होऊन म्हणाले, “माझ्यासाठी बी धर जरा.”

तिनं तिघांसाठी दार धरलं. एकदाही हसली नाही. वडील बाहेर आले ते डोळ्यांत पाणी घेऊनच. “पोरगी पसंत हाय! दिवा घेऊन शोधली तरी अशी मिळायची न्हाई.”

नऊ वर्षं झाली. दवाखान्यात, बँकेत, शाळेत, जिथं माझी जीभ अडते तिथं सविता बोलते. तिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. लोक विचारतात, “मुलीत काय बघितलंत?” मी म्हणतो, “स्वभाव.”

खरं कारण सांगायची हिंमत अजून नाही. वर तो शब्द दोनदा आलाय ना, तेवढा टाइप करायलाही तिलाच बसवलं होतं!

बरं, जरा फोन करून येतो.