कबड्डीच्या मॅट आणि घासाघीस करणाऱ्या बाई

नोकरीतल्या पुष्कळ केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कबड्डीच्या मॅटची ती केस मात्र काल घडल्यासारखी आठवते.

तेव्हा मी खाडीकाठच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. अलिबागकडच्या एका क्रीडासाहित्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामात चोरी झाली होती. मॅट, बूट, गुडघ्याचे पॅड असा बराच माल गेला होता. तसा संदेश सगळ्या ठाण्यांना आला होता. एके दिवशी सकाळची हजेरी संपते तोच आमचा खबरी दारात आला. आगरदांड्याच्या जेटीवर टेम्पो चालवणारा माणूस.

"साहेब, शालंच्या पोरी नव्या कोऱ्या मॅटवर खेलतान. माल खाडीपल्याडच्या दिघीवरून आलाय. मी काय बोललो न्हाय."

मी शाळेच्या क्रीडाशिक्षिकेला बोलावून घेतलं. बाई स्वतः एकेकाळी जिल्ह्याच्या संघातून खेळलेल्या. त्यांच्या संघात कोळ्यांच्या, आगऱ्यांच्या आणि गावातल्या मुस्लिम घरांतल्या मुली होत्या. स्पर्धा आता मॅटवर होतात आणि मातीत सराव केलेल्या पोरींचे पाय मॅटवर ठरत नाहीत. म्हणून बाई कित्येक महिने ऑनलाइन मॅट शोधत होत्या. चांगल्या होत्या त्या परवडत नव्हत्या, परवडत होत्या त्या चांगल्या नव्हत्या. अखेर एक विक्रेता सापडला होता.

"मॅडम, या मॅट चोरीच्या असाव्यात असा संशय आहे," मी म्हणालो.

बाईंचा चेहरा उतरला. पण रडारड नाही, ओळखीपाळखी काढणं नाही. त्यांनी फोन उघडून माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"सगळं वाचा साहेब. एक अक्षर पुसलेलं नाही."

मी वाचलं आणि थक्क झालो. बाईंनी विक्रेत्याला मॅटवर पाणी ओतून त्यावर चालायला लावलं होतं आणि त्याचा व्हिडिओ मागवला होता. कोपरे दुमडून दाखवा, सांधे बसवून दाखवा, हा तगादा वेगळाच. आणि पुन्हा पुन्हा एकच प्रश्न : माल कुठला? बिल पक्कं देणार ना? त्यानं बिल दिलंही होतं. आम्ही चौकशी केली तेव्हा कळलं, त्या नावाचं दुकानच नव्हतं.

मॅट जप्त करणं भाग होतं. पंचनाम्यासाठी आम्ही शाळेच्या मैदानावर गेलो तेव्हा सराव चालू होता. स्पर्धा तोंडावर आली होती. संघाची कर्णधार, एका खलाशाची मुलगी, माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाली, "मॅडम, आपून चोर हाव का?"

"नाही गं. पण वस्तू आपली नाही. ज्याची आहे त्याच्याकडे गेली पाहिजे."

त्या मुलींनी मॅटवरची रेती झाडली, एकेक मॅट उचलून आमच्या गाडीत रचली आणि मातीवर रेघ मारून पुन्हा सराव सुरू केला. माझा हवालदार टोपी काढून नुसता बघत उभा राहिला.

आता विक्रेता हवा होता. बूट हवेत म्हणून बाईंनी त्याला फोन करायचा, असं ठरलं. त्यानं भाव सांगितला. मी खुणेनं 'हो म्हणा' सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि तावातावानं घासाघीस सुरू केली. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "एकदम हो म्हटलं असतं तर त्याला संशय आला असता साहेब. मी आजवर भाव केल्याशिवाय काही घेतलेलं नाही."

आणखी दोन-तीन फोनांनंतर वैतागून तो म्हणाला, दिघीला या आणि स्वतः बघून घ्या. आम्ही साध्या वेशात फेरीबोटीनं खाडी ओलांडली. बाईंबरोबर त्यांची बहीण म्हणून आमची महिला शिपाई होती. एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचं शटर त्यानं वर केलं. बाईंनी बुटांचे तळवे वाकवून पाहिले, मग तिथं रचलेल्या मॅटपैकी एक उलटी करायला लावली. मागे छापलेला नंबर चोरीला गेलेल्या मालाचाच होता. तो वाचून महिला शिपायानं इशारा केला आणि आम्ही आत शिरलो.

ठाण्यात त्यानं सगळं बाईंवरच ढकललं. "त्यांनी मागितला म्हणून माल आणला साहेब. त्यांना सगळं ठाऊक होतं."

मी आवाज चढवला नाही. बाईंचे प्रश्न आणि त्याची उत्तरं त्यालाच मोठ्यानं वाचायला लावली. 'माल कुठला?' 'आमच्याच दुकानाचा.' 'नक्की?' 'देवाशपथ.' तिसऱ्या उत्तरापर्यंत त्याचा आवाज बसला. मग त्यानं कबुली दिली. तो त्याच गोदामात कामाला होता. तिथल्या रखवालदाराशी त्यानं संधान बांधलं होतं.

मुली स्पर्धेला गेल्या. उपांत्य सामन्यात त्या हरल्या, पण जिंकणाऱ्या संघाला त्यांनी घाम फोडला.

माल ओळखायला आलेल्या व्यापाऱ्याला मी ही सगळी हकिकत सांगितली. तो भला माणूस होता. त्याच्याकडे शहरातल्या एका क्लबनं बदललेल्या जुन्या मॅट होत्या. त्या त्यानं शाळेला भेट म्हणून पाठवल्या. बाईंनी एकेक मॅट दाबून, वाकवून पाहिली आणि दोन परत केल्या.

"मॅडम, फुकट मिळतायत," मी हसून म्हणालो.

"मॅट फुकट आहेत साहेब. माझ्या पोरींचे गुडघे फुकटचे नाहीत."

स्वस्त वस्तूच्या मागे लागणारा माणूस लोभी असतो, म्हणून फसतो, असं पोलीस ठाण्यात सर्रास बोललं जातं. ज्याच्या खिशात थोडं आणि अंगावर जबाबदारी मोठी, तो किती डोळसपणे पारखतो, हे मी बाईंच्या फोनमध्ये वाचलं. तरीही त्या फसल्या, कारण समोरचा खोटं बोलला. पुढे निवृत्त होईपर्यंत, ऑनलाइन फसवणूक झालेला कुणी मान खाली घालून ठाण्यात आला, की माझी माणसं आधी त्याला खुर्ची द्यायची. "तुम्हाला कळलं नाही का?" हा प्रश्न माझ्या कुठल्याही ठाण्यात कुणी विचारायचा नाही, असा माझा तोंडी हुकूम होता.