मीनाक्षीबाईंचं विरजण

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मीनाक्षी खांबेटे बिअरचा थेंबही तोंडाला लावत नसत. पण त्यांचे यजमान विनयराव घरी बिअर करू लागले आणि दर खेपेला यीस्टचं नवं पाकीट आणू लागले, तेव्हा त्या भडकल्या. "अहो, विरजण कुणी दर वेळी विकत आणतं का?"

पिंपाच्या तळाशी उरलेला यीस्टचा गाळ त्यांनी उकळून गार केलेल्या पाण्याने धुतला आणि बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला. पुढच्या बिअरच्या आदल्या दिवशी त्यातला थोडा माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूच्या, गोड पाण्यात घातला, तर फसफसून वर आला. दर खेपेचा गाळ असाच राखत तेच यीस्ट चार वर्षं चाललं. पाहुण्यांनी बिअरचं कौतुक केलं की बाई ठणकावून सांगत, "यीस्ट माझं आहे." घरी बिअर करणाऱ्या शेजारच्या अ‍ॅलनलाही त्यांनी वाटीभर दिलं होतं.

२००७ साली त्या महिनाभर पुण्याला गेल्या. जास्त टिकेल म्हणून विनयरावांनी बरणी फ्रीझरमध्ये ठेवली आणि यीस्ट मेलं. परतल्यावर बाईंना हे कळलं. वाटी उचलून थेट अ‍ॅलनच्या दारात गेल्या.

अ‍ॅलनने फ्रिज उघडला. आतल्या बरणीवर त्याने चिठ्ठी चिकटवली होती : "मीनाक्षीचं आहे. संपू द्यायचं नाही."