स्वच्छ मराठीत

रूममेट केसांना खोबरेल लावते, तेव्हा त्या वासाने मी खोलीबाहेर जाते. अहेरीजवळच्या आमच्या प्रार्थनाघरात पाहुणे पास्टर इंग्रजीत बोलायचे आणि इंग्रजी शाळेतली म्हणून मी शेजारी उभी राहून ते मराठीत सांगायचे. एका रविवारी त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीच्या कपाळाला खोबरेल चोळलं आणि म्हणाले, औषध घेणं म्हणजे देवावर शंका घेणं. मी तेही सांगितलं. सगळे ‘आमेन’ म्हणाले आणि आईने बहिणीच्या सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या गोळ्या दानाच्या पिशवीत टाकल्या. देव न मानणारा मामा आम्हाला न्यायला येऊन दारात थांबला होता. तो आत आला आणि त्याने सगळ्यांसमोर पिशवी उलटी केली. आई म्हणाली, “भाऊ, तुह्यात विश्वासच नाई.” “नाई ना बाई. म्हणून तर पोरीले गोळी देऊन राह्यलो.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तू काऊन बोलली हे?” “मी फक्त भाषांतर केलं,” मी म्हणाले. बहीण अजून त्याच गोळ्या घेते. प्रार्थना मी त्या दिवसापासून सोडली. पास्टरांचा चेहरा आता आठवत नाही. माझे ते स्वच्छ उच्चार आठवतात, आणि किळस येते.