दृष्टीपुरतं मीठ

चिंचकोट्याच्या लोकांनी चंद्रप्रभाबाईंना ‘भुकटीबाई’ म्हणायला सुरुवात केली आणि त्यात लोकांची काही चूक नव्हती. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, मराठवाडा नुकताच मुंबई राज्याला जोडला गेला होता, आणि धाराशिवच्या एका सेवामंडळानं बाईंना नळदुर्गच्या बाजूच्या या खेड्यात धाडलं ते दुधाच्या भुकटीचे डबे बैलगाडीत घालूनच. पहिल्याच दिवशी चावडीसमोर उभं राहून बाईंनी भुकटी कशी कालवायची, पोरांना कशी पाजायची, ते जीव तोडून सांगितलं. लोकांनी मन लावून ऐकलं, डबे घरी नेले आणि भुकटी वासरांना पाजली. त्या साली चिंचकोट्याची वासरं अशी टंच झाली की आठवडी बाजारात लोक चौकशी करायला लागले. रागवावं की हसावं ते बाईंना कळेना. या गावात त्यांचं जे आयुष्य गेलं, त्यातलं बरंचसं असंच कळेनासं होण्यात गेलं.

बाई मूळच्या तुळजापूरच्या. वडील शाळामास्तर, घर सोवळ्याओवळ्याचं. ऐन विशीत नवरा गेला, तेव्हा माजघराच्या कोपऱ्यात बसून आयुष्य काढायचं नाही एवढं एकच त्यांनी ठरवलं आणि सेविकेचं शिक्षण घेऊन घराबाहेर पडल्या. अंगानं किरकोळ, बोलायला फटकळ, पायात जाड वहाणा. शाळेच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत त्या एकट्या राहायच्या, आपल्या स्टोव्हवर आपलं रांधून खायच्या. गावात लिंगायतांची घरं जास्त. त्यांच्या स्वयंपाकघरात परक्यानं पाय टाकलेला त्यांना आवडायचा नाही, असं बाई समजून होत्या. तुळजापूरची बामणाची बाई आपल्या घरचं कशी खाईल, असं घरं समजून होती. कुणी कुणाला विचारलं नाही. बाई गेल्या की ओट्यावर गूळ-शेंगदाणे पुढं यायचे, त्या दोन दाणे तोंडात टाकायच्या, आणि दोन्ही बाजूंचा मान राहायचा. असा मान राखून माणसं किती आंधळी होतात ते पुढं येईलच.

गावचं खरं दुखणं पाण्याचं होतं. समुद्र इथून कुठल्या कुठं, पण चिंचकोट्याचे सगळे आड खारट. आल्या दिवशी बाईंनी ओंजळभर पाणी तोंडाला लावलं आणि तिथंच थुंकलं. गाव मात्र तेच पीत होतं, त्यातच डाळ शिजवत होतं आणि डाळ शिजत नाही म्हणून लाकडं जाळत होतं. बाईंनी धाराशिवच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, आणि दोन उन्हाळे घालवून ओढ्याकाठी विहीर पाडून घेतली. पाणी लागलं ते नारळाच्या पाण्यासारखं गोड. लोकांनी बाईंच्या गळ्यात हार घातला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी बाई बघायला गेल्या तर गावच्या बायका नव्या विहिरीवर धुणं धूत बसलेल्या.

साबणाला फेस लई येतो बाई, असं सगळ्या जणींनी कौतुकानं सांगितलं. आणि प्यायला? प्यायला हे पाणी पचक, बिनचवीचं लागतं, त्यानं तहान भागत नाही. डाळ घातली तर पार लगदा होतो, आणि पुरुष माणसं ताटावरून उठतात. तेव्हा प्यायला-रांधायला आपला आडच बरा. बाई त्या फेसात घोट्यापर्यंत उभ्या राहिल्या. आपण गावाला पाणी दिलं की घाट बांधून दिला, हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना.

एवढ्यावर थांबलं असतं तर बाईंनी कपाळाला हात लावून सोडून दिलं असतं. पण शिवगंगा होती.

शिवगंगा ही ईरण्णा आणि शांताक्का यांची सून. घर खाऊनपिऊन सुखी, दोन जोड्या बैल, पोरगी गोड स्वभावाची. पहिल्या खेपेला तिच्या पायांवर सूज चढली, तोंड सुजलं, आणि बाळ मेलेलंच जन्माला आलं. ती स्वतः कशीबशी वाचली. आता दुसऱ्यांदा सातवा लागला होता आणि पाय पुन्हा भरून आले होते. बाईंनी बैलगाडी जुंपायला लावली, सासू-सून दोघींना घेऊन नळदुर्ग गाठलं. डॉक्टरांनी शिवगंगेच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

“मीठ बंद,” डॉक्टर म्हणाले. “चिमूटसुद्धा नाही. सूज गुडघ्याच्या वर गेली तर बाळाचंही खरं नाही आणि हिचंही.”

शांताक्का दाराशी उभी होती, ती पुढं आली. “डॉक्टरसाहेब, आमच्यात रांधण्यात मीठ घालीतच न्हाईत.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. असं सांगणारी माणसं त्यांनी रोज बघितली असणार. ते बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, की सासवा असंच बोलतात, तुम्ही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. बाईंनी मान हलवली. त्यांनाही शांताक्का खोटं बोलते असंच वाटलं, आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटलं.

खरं म्हणजे शांताक्का शब्दन् शब्द खरा बोलत होती. घरात मीठ यायचं ते लोणच्यापुरतं आणि दृष्टीपुरतं. पोराबाळाला नजर लागली, की मीठ-मोहऱ्या-मिरच्या मुठीत घेऊन अंगावरून उतरवायच्या आणि चुलीत टाकायच्या. डॉक्टरांनी चिमूटसुद्धा नाही म्हटल्यावर तिनं लोणच्याची बरणी जावेकडं पोचती केली. सुनेची दृष्ट ती रोज काढायची, त्यातलंही मीठ बंद करून टाकलं. नुसत्या मोहऱ्या-मिरच्या उतरवताना तिला धाकधूक वाटायची, की अर्ध्यामुर्ध्या सामानानं नजर जाते की न्हाय कोण जाणे. पण डॉक्टरांचा हुकूम तिनं असा अक्षरशः पाळला होता.

बाईंनी शिवगंगेला बजावलं, आडाचं पाणी प्यायचं नाही, नव्या विहिरीचंच प्यायचं. तिच्यासाठी वेगळी कळशी आली, वेगळा तांब्या आला, आणि ती पोरगी तेच पचक पाणी नाक न मुरडता प्यायला लागली. मीठ नाही, खारं पाणी नाही. तरी सूज घोट्यावरून पोटरीवर आली.

बाईंचं डोकं चक्रावून गेलं. त्या रोज ईरण्णाच्या घरी जायला लागल्या. उंबऱ्याबाहेर उभं राहून शांताक्काचा हात बघत राहायच्या. कुठल्या डब्यात हात जातो, मुठीतून काय पडतं, सगळं बघायच्या. तिखट पडायचं, हळद पडायची. मीठ काही पडायचं नाही. आपण पाठ फिरवल्यावर टाकत असेल, असं त्यांना वाटायचं. मग त्या अर्ध्या वाटेवरून परत यायच्या आणि शांताक्का चुलीपुढं तशीच बसलेली असायची. एकदा तर त्यांनी वाण्याच्या दुकानात जाऊन ईरण्णाच्या घरी मीठ किती जातं ते विचारलं. वाणी म्हणाला, त्या घरचं मीठ वर्षाला एकदा, तेही कैऱ्या उतरल्यावर. खेड्यात अशी चौकशी सांजच्या आत घरी पोचते. तीही पोचली.

दुसऱ्या दिवशी बाई उंबऱ्याशी आल्या तेव्हा शांताक्का चुलीपासून उठली. गळ्यातलं लिंग तिनं मुठीत धरलं. आवाज चढवला नाही.

“ह्याच्यावर हात ठिवून सांगते बाई. ह्या घरात माज्या सुनेच्या तोंडात म्या मीठ जाऊ दिलं न्हाय. एक नातू मातीत घातलाय म्या. दुसरा घालायला मी कशी धजेन?”

लिंग हातात घेऊन खोटं बोलणारी ही बाई नव्हे, एवढं त्यांना कळत होतं. मग डॉक्टर चुकले? की शिवगंगाच चोरून काही खाते? की देवाच्याच मनात आहे? ही शेवटली शंका आली तेव्हा बाईंना स्वतःची भीती वाटली, कारण असं बोलणाऱ्यांना त्या चावडीवर झापत असत. सूज गुडघ्याला टेकली होती. पोरगी आता भिंत धरून चालत होती आणि तरी बाईंना बघून हसत होती. ते हसू बाईंना बघवत नसे.

चैत्र संपत आला होता. बाई तांड्यावर एका पोराला बघून भर उन्हातून परत येत होत्या. ईरण्णाच्या ओट्यापर्यंत आल्या आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. मटकन खाली बसल्या. घरात शिवगंगा एकटीच. गूळ-दाण्यांचा मान राखत बसण्याची ती वेळ नव्हती. तिनं मडक्यातली ज्वारीची आंबील वाटीत ओतली आणि तशाच जड पायांनी येऊन बाईंच्या तोंडाला लावली. सकाळी तीही तीच आंबील प्यायली होती.

बाईंनी घोट घेतला. दुसरा घेतला. मग डोळे उघडले.

“शिवगंगे, यात मीठ किती घातलंस?”

“मीठ कुठलं बाई? घरात मीठच न्हाय.”

“मग ही खारट कशानं?”

शिवगंगेला प्रश्नच कळला नाही. आंबील कुठं खारट होती? आंबिलीसारखी आंबील होती. जन्मल्यापासून आसपासच्या या खारट गावांतच ती वाढलेली. अन्नाची चव म्हणजे हीच, याहून वेगळी चव तिला माहीत असायचं कारणच नव्हतं.

“पाणी कुठलं घातलंस?” बाईंनी विचारलं.

“आडाचं. रांधायला आडाचंच की. तुमीच सांगितलं, फकस्त प्यायचं तेवडं इहिरीचं.”

तेवढं ऐकलं आणि बाई वाटी हातात धरून रडायला लागल्या. वरण आडाच्या पाण्यात, भाकरीचं पीठ आडाच्या पाण्यात, कढी, आंबील, भाजी सगळी आडाच्या पाण्यात. या गावाला मीठ घालावं लागतच नव्हतं, कारण मीठ आधीच घातलेलं होतं. रांधायला आडच बरा, हे बायकांनी विहिरीवर त्यांना तोंडावर सांगितलं होतं, पण मीठ डब्यातच शोधत बसल्यानं ते आठवलंच नव्हतं. इतकी वर्षं या गावात राहून त्यांनी एकाही घरचा घास खाल्ला नव्हता. एक घास खाल्ला असता तरी पुरे होतं.

शेतावरून घरची माणसं आली तेव्हा बाईंनी सगळं उलगडून सांगितलं. शांताक्का ऐकता ऐकता खाली बसली. मीच घातलं मग, मीच घालत होते, एवढंच ती पुटपुटत राहिली. बाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, की मी सांगितलं तेच तुम्ही केलंत, सांगायला मी चुकले. आता सुनेचं विहिरीच्या पाण्यात वेगळं रांधा म्हणजे झालं.

पण तिथंच घोडं अडलं. एका घरात दोन भांडी चुलीवर चढली, की घर फुटलं असं गाव म्हणतं. सुनेचं वेगळं शिजतंय म्हटल्यावर तिच्या माहेरी निरोप जायला वेळ लागला नसता. शांताक्का म्हणाली, मग सगळ्यांचंच इहिरीच्या पाण्यात रांधते. रांधलं. ईरण्णानं पहिला घास घेतला आणि ताटाकडं असं बघितलं, जणू ताटात कुणी माती वाढली असावी. शिवगंगेचा नवरा गुरुसिद्धप्पा जेवण अर्ध्यावर टाकून उठला. शिवगंगेनं ते बघितलं आणि सासऱ्याला म्हणाली, उद्यापासनं आडाचंच रांधू, माज्यापायी तुमी उपाशी ऱ्हाऊ नका.

बाई उठून शाळेकडं गेल्या आणि आपल्या खोलीतली मिठाची वाटी घेऊन आल्या. तुळजापूरला पान वाढतात तेव्हा आधी डाव्या कोपऱ्यात मीठ वाढतात, मग बाकीचं. ज्याला लागेल त्यानं घ्यावं. इतकी साधी गोष्ट, पण ईरण्णाच्या ताटाशी वाटी नेली तसा तो मागं सरला.

“बाई, ते दृष्टीचं असतंय,” तो म्हणाला. “अंगावरनं उतरून चुलीत टाकायचं. ते पानात कसं घ्यावं?”

बाईंनी वहाणा काढल्या, उंबरा ओलांडला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या घरच्या पंगतीला बसल्या. शांताक्कानं घाबरत घाबरत वाढलं. बाईंनी ताटाच्या कोपऱ्यात मीठ घेतलं, चिमूट वरणात कालवली आणि खायला लागल्या. सगळं घर बघत राहिलं. बाई भाकरी संपवून दुसरी मागतात म्हटल्यावर ईरण्णानं हळूच वाटीत दोन बोटं घातली, वरणावर मीठ भुरभुरलं, चाटून बघितलं.

“आडासारकंच लागतंय की,” तो म्हणाला आणि भाकरी मोडली.

शिवगंगेच्या ताटात मीठ नव्हतं. ती अळणी वरण खात होती, आणि घरचे सगळे त्याच भांड्यातलं खात होते. पुढं महिनाभर बाईही रोज त्याच भांड्यातलं जेवल्या, आपला स्टोव्ह बंद ठेवून. घरचे पुन्हा आडाकडं वळतील अशी त्यांना धास्ती होती, आणि खरं सांगायचं तर शांताक्काच्या हातची भाकरी सोडवत नव्हती. सूज उतरायला लागली. आधी पोटरी, मग घोटा. एके सकाळी शिवगंगेनं पायात जोडवी घातली आणि ती बोटात फिरली, तेव्हा शांताक्का ती जोडवी फिरवूनफिरवून बघत बसली.

मुलगी झाली. रडत, ठणठणीत. गावानं यातून काय घेतलं ते विचारू नका. निम्मी घरं विहिरीचं पाणी रांधायला न्यायला लागली, निम्म्या घरांनी बाईंच्या नावानं बोटं मोडली, आणि धुणं सगळ्यांचं तिथंच चालू राहिलं. आपण जिंकलो की हरलो, ते बाईंना शेवटपर्यंत नीटसं सांगता आलं नाही.

पाचवीच्या दिवशी गावच्या बायका बाळ बघून गेल्या आणि शांताक्का दृष्ट काढायला बसली. मुठीत मोहऱ्या घेतल्या, मिरच्या घेतल्या, आणि बाळावरून हात फिरवायला लागली. चावडीवर उभं राहून नजर-बिजर सगळं खोटं असतं म्हणून घसा कोरडा करणाऱ्या चंद्रप्रभाबाई शेजारीच बसल्या होत्या.

“मीठ न्हाय घेतलं?” त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांच्याही तोंडी गावाचं ‘न्हाय’ बसलं होतं.

“डॉक्टरनं बंद केलंय न्हवं,” शांताक्का म्हणाली. “अजून कुटं सोडलंय त्यानी.”

बाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि पंगतीच्या वाटीतलं मूठभर मीठ आणून शांताक्काच्या मुठीत घातलं.