आमच्या विहिरीचा रकाना

छापलेल्या अक्षरावर माझ्या आत्याच्या यजमानांइतका विश्वास ठेवणारा माणूस साऱ्या खानदेशात झाला नसेल, आणि छापलेल्या अक्षराने इतका गोंधळात टाकलेला माणूसही. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. दोंडाईच्याजवळच्या खेड्यात त्यांची शेती होती. औषधाच्या बाटलीतलं बारीक टायपाचं चिटोरं ते आधी वाचत आणि मग औषध घ्यायचं की नाही ते ठरवत. बहुधा घेत नसत. एकदा बियाण्याच्या पिशवीवर ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ असं निघालं. मे महिन्यात आमच्याकडे थंड जागा कुठली असायला? शेवटी देव ओसरीवर आले आणि कपाशीचं बी देवघरात गेलं. आत्या आठवडाभर ओसरीवर पूजा करत होती.

अशा माणसाला ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस धुळ्याच्या एका कार्यालयाच्या भिंतीवर भूजलाच्या तपासणीचा तक्ता दिसला. गेले होते बोअरवेलची चौकशी करायला. तक्त्यात त्यांच्या गावाचं नाव होतं, पुढे आकड्यांचे रकाने, आणि नायट्रेटच्या आकड्यावर फुली. खाली लिहिलेलं: मर्यादेपेक्षा अधिक. नानांनी ती ओळ उतरवून घेतली आणि थेट जळगावला माझ्याकडे आले, कारण मी बी.एस्सी. होतो. माझा विषय वनस्पतिशास्त्र होता, हे त्यांच्या लेखी किरकोळ होतं. तक्त्यात म्हटल्याप्रमाणे पाणी ‘कठीण’ कसं असतं, इथपासून त्यांनी सुरुवात केली. साबणाला फेस येत नाही ते कठीण, असं मी सांगितल्यावर त्यांनी आमच्या मोरीत जळगावचं पाणी तपासलं आणि तोंड वाकडं केलं. पण नायट्रेटचं मला सांगता येईना, म्हणून आम्ही ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, मोठ्यांना एवढं काही नाही, पण वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला असं पाणी देऊ नये. बाळ निळं पडू शकतं, आधी ओठ आणि नखं.

नानांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली होती. नात दोन महिन्यांची, आईला दूध नाही, डब्यातली पावडर विहिरीच्या पाण्यात कालवून पाजत होते. आम्ही पाणी उकळतो, असं त्यांनी चाचरत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, ते मागे राहतं.

बाहेर आल्यावर नाना म्हणाले, “उकळं तं ते वाढस, नही उकळं तं जंतू. मंग पोरले पाजानं काय?”

दुसऱ्या दिवसापासून ते नाल्यापलीकडच्या मित्राच्या शेतातल्या विहिरीचं पाणी सायकलवर कळशी बांधून आणू लागले. त्या विहिरीची तरी तपासणी कुठे झाली आहे, असं मी विचारलं. नाना म्हणाले, “तिले आजून कोणी वाईट म्हणेल नही.”

मग आम्ही दोघं धुळ्याला गेलो. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी सांगितलं की तक्त्यातला आकडा साऱ्या गावाचा नसून एका निरीक्षण विहिरीचा आहे. ती गुरांच्या गोठ्यांजवळची जुनी विहीर. शिवाय नमुना पावसाळ्यापूर्वीचा. नानांनी विचारलं, मग आमच्या विहिरीचं पाणी चांगलं की वाईट? साहेब म्हणाले, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून दोन्ही विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून दिलं. निकाल आला, तेव्हा घरच्या विहिरीचं नायट्रेट मर्यादेच्या जेमतेम आत होतं. मित्राच्या विहिरीचं खूपच कमी, पण क्षार जास्त. जेमतेम आत म्हणजे उन्हाळ्यात बाहेर जाईल का, आणि क्षार बाळाला चालतात का, या प्रश्नांवर साहेब, डॉक्टर आणि मी अशा तिघांनी तीन उत्तरं दिली. नानांनी तिन्ही ऐकून घेतली आणि पाणी नाल्यापलीकडूनच आणत राहिले. गाव हसायचं. आत्याही वैतागायची, पण बाळाची बाटली दुसऱ्या पाण्याने तिने कधी भरली नाही. पोर भाकरीचा तुकडा चघळू लागली, तेव्हा कुठे ती सायकल भिंतीला टेकली.

पोरीला काहीच झालं नाही. ते पाण्यामुळे, की घरची विहीरही मुळात चांगलीच होती म्हणून, हे कुणालाच ठरवता आलं नाही. नानांना ते कायम खुपत राहिलं. एखादी गोष्ट कशाने टळली तेही कुठेतरी छापून यायला हवं होतं, असं त्यांना वाटत असावं.

ते गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात नात सुट्टीला आली होती. चांगली उंच झाली होती. उन्हातून खेळून आली आणि घरच्या विहिरीचं तांब्याभर पाणी उभ्याउभ्या प्यायला लागली. नानांनी तिला जवळ बोलावलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि तिचे ओठ निरखले, मग एकेक नख पाहिलं. तिने हसत विचारलं, काय बघताय?

“काही नही, माय,” नाना म्हणाले. “पी तू.”